धावणेही शिकावे लागते



गेल्या अंकात आम्ही मुलांच्या हस्ताक्षराविषयी लिहिले होते. पेन्सिल मुठीत आवळून धरणारे मूल, पानाच्या मागच्या बाजूला उमटणारी अक्षरे, चार ओळी झाल्या की दुखणारी बोटे. बऱ्याच पालकांनी कळवले की आमच्या घरीही हेच चालते. या महिन्याचे शीर्षक वाचून काहींना वाटेल की आम्ही वर्ग सोडून एकदम मैदानावर गेलो. तसे नाही. विषय जवळजवळ तोच आहे. पेन्सिलीच्या जागी पाय आहेत, एवढेच.

आमच्या बहिणीची थोरली मुलगी बी.ए. झाली आणि पोलीस भरतीची तयारी करू लागली. दूल्हेभाई टेम्पो चालवतात, घरात तीन मुली. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलांना ८०० ऐवजी १६०० मीटर धावावे लागते. यात किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांचाच लेखी परीक्षेसाठी विचार होतो.

ती एका प्रशिक्षण वर्गाला जाऊ लागली. पहिल्याच दिवसापासून पहाटे डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागली. वर्गात सांगितले तर उत्तर मिळाले, "सहन कर. दुखल्याशिवाय स्टॅमिना येत नाही." पोरीने सहन केले. संध्याकाळी बर्फ लावायचा, मलम चोळायचे, फजरनंतर पुन्हा रस्त्यावर. चाचणीच्या दिवशी ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पायाने साथ सोडली. शेवटचे दोनशे मीटर ती लंगडत चालत आली. तिन्ही मिळून गुण पडले २३. पास व्हायला २५ हवे होते.

त्या रात्री बहिणीच्या घरी आम्ही सगळे जमलो. दूल्हेभाई म्हणाले, "बस झालं. पाय मोडून घेऊन नोकरी नको." त्यांचे चूक नव्हते. पुढची भरती कधी निघेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि मुलीची स्थळे तोवर थांबत नाहीत. पोर भिंतीला टेकून गप्प बसली होती. शेवटी आमच्या अम्मी बोलल्या. "हाजरा बीबी लेकराच्या पाण्यासाठी धावल्या. ही भाकरीसाठी धावते आहे. धावू द्या तिला. पण आधी कुणीतरी तिला धावायला शिकवा."

आम्ही वीस वर्षे शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. कलम कसे धरायचे, ओळीवर अक्षर कसे बसवायचे, हे हाताला धरून शिकवतो. पण धावायला शिकवायचे? मूल चालायला लागले की धावायला आपोआप लागते, असेच आम्ही समजत होतो. पोहायला शिकवतात, सायकल शिकवतात, धावणे मात्र कुणी शिकवत नाही. "पळ!" असे ओरडतात, एवढेच. अम्मींच्या त्या वाक्याने आम्हाला कामाला लावले.

आधी डॉक्टर

पहिल्यांदा तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत नेले. दुखणे वीतभर पसरलेले होते, एका ठिकाणी टोचणारे नव्हते. ही चांगली गोष्ट, ते म्हणाले. पोटरीचे स्नायू नडगीच्या हाडाला जिथे ओढ देतात तिथे हाडाला सवयीपेक्षा जास्त ताण पडला की असे दुखते. नव्याने धावू लागलेल्यांत हे फार आढळते. याउलट दुखणे बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, किंवा एका पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. अशा वेळी "सहन कर" हा सल्ला घातक ठरतो.

डॉक्टरांनी तिला आणखी दोन प्रश्न विचारले. जेवतेस का पोटभर? आणि पाळी नियमित येते का? मुलगी व्यायाम वाढवते आणि जेवण तेवढेच ठेवते, किंवा बारीक होण्यासाठी कमी करते, तेव्हा पाळी चुकू लागते आणि हाडे कमजोर होतात. आई-खालांनी हे विचारायला लाजू नये. आमच्या भाचीचे जेवण खरोखरच कमी पडत होते. पहाटे चहा-बिस्किटावर पाच किलोमीटर धावून ती थेट दुपारी जेवायची.

दोन आठवडे धावणे बंद, चालणे आणि सायकल चालू, असे ठरले. धावण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. दुखणे बरे झाले आणि ती पुन्हा तशीच धावली, तर पुन्हा तेच होणार होते.

कान देऊन ऐका

आमच्या शाळेतले क्रीडाशिक्षक निवृत्तीला आले आहेत. दोन आठवडे संपल्यावर त्यांना विनंती केली. मैदानावर आले, भाचीला साठ मीटर धावायला सांगितले आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. आम्ही म्हटले, "सर, बघा तरी." ते म्हणाले, "आधी ऐकतो."

धप्, धप्, धप्, धप्. लाल मातीच्या मैदानावरही पावलांचा आवाज भिंतीपर्यंत येत होता.

सर वळले आणि आम्हाला म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गात पेन्सिल दाबून लिहिणारी मुले असतात ना? ही तशी धावते."

मग त्यांनी बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण केले आणि ते संथ करून दाखवले. पडद्यावर जे दिसले ते आम्हाला कधी साध्या डोळ्यांना दिसले नसते. तिचा पाय शरीराच्या बराच पुढे, जवळजवळ सरळ गुडघ्यावर, टाच रोवून पडत होता. सर म्हणाले, "हे बघा, दर पावलाला ब्रेक. पुढे जाण्यासाठी ताकद लावते आणि पाय टाकला की तीच ताकद जमिनीवर आपटून घालवते. ब्रेक दाबून सायकल हाणल्यासारखे आहे हे."

थोडा हिशोब करू. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना मात्र दर पावलाला आपण क्षणभर हवेत असतो आणि मग एकाच पायावर उतरतो. उतरताना त्या पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. मुलीचे वजन ५० किलो धरले तर शंभर ते दीडशे किलो. तिच्या मीटरभराच्या पावलाने पाच किलोमीटर म्हणजे पाच हजार पावले, प्रत्येक पायाला अडीच हजार. भार पूर्ण टाळता येत नाही. पण तो सरळ ताठ पायाने झेलायचा की किंचित वाकलेल्या गुडघ्याने, पाय शरीरापुढे टाकून झेलायचा की शरीराखाली, हे आपल्या हातात आहे. वाकलेला गुडघा आणि घोटा स्प्रिंगसारखे काम करतात. पुढे टाकलेला ताठ पाय खुंटीसारखा असतो.

आम्ही विचारले, "मग पाऊल लांब टाकले तर वेग वाढतो ना?" आमच्यासारख्या सगळ्यांचा हाच समज असतो. सर म्हणाले, पाऊल लांब व्हावे ते मागच्या पायाने जमिनीला दिलेल्या रेट्यामुळे. पुढचा पाय लांब फेकून वाढवलेले पाऊल वेग वाढवत नाही, खाते.

पावले मोजली

यावर उपाय फार सोपा निघाला. पाऊल लहान करायचे आणि झटपट टाकायचे. पाऊल लहान झाले की पाय आपोआप शरीराच्या जवळ पडतो. "गुडघा वाकव, टाच रोवू नकोस, पाय खाली टाक" अशा दहा सूचना एकदम दिल्या की धावणाऱ्याचे डोके चक्रावते. झटपट पाऊल ही एकच सूचना बरेचसे काम करते.

हे निव्वळ सरांचे मत नव्हे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकांनी धावपटूंची पावले मोजली. लांब पल्ल्याच्या जवळजवळ सगळ्यांची पावले मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. तेव्हापासून १८० हा आकडा जगभर फिरतो आहे. पण ते ऑलिम्पिकचे खेळाडू होते आणि स्पर्धेच्या वेगाने धावत होते. सावकाश धावणाऱ्याने त्यांचा आकडा आपल्या पायांवर लादण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ब्रायन हायडरशाइट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मोजणी केली. वेग तोच ठेवून पावलांची संख्या नेहमीपेक्षा ५ ते १० टक्के वाढवली, तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा ताण कमी होतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मोजायचे ते आपल्या स्वतःच्या पावलांपासून.

आम्ही भाचीचे उजवे पाऊल अर्धा मिनिट मोजले. ३८ भरले. त्याची चौपट, म्हणजे मिनिटाला १५२ पावले. त्यात पाच टक्के वाढवायचे तर साधारण १६०. मोबाइलमध्ये टिकटिक वाजवणारे एक फुकटचे अॅप मिळते, गाणे शिकणारे ताल धरायला वापरतात ते. ते १६० वर लावले आणि तिला म्हटले, "टिक झाली की पाऊल. वेग वाढवायचा नाही." पहिल्या दिवशी ती हसून हसून थांबायची. "खाला, कोंबडी चालल्यासारखे वाटते," म्हणायची. आठव्या-दहाव्या दिवशी टिकटिक बंद केली तरी पावले १६० च्या आसपास राहू लागली, आणि तो धप् धप् आवाज निम्म्यावर आला.

आमची चूक

आता आमची फजिती सांगतो, कारण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे.

भाचीबरोबर आम्हीही मैदानावर येऊ लागलो होतो. वय पंचेचाळीस, दिवसभर फळ्यासमोर उभे राहण्याचे काम, जिना उतरताना कुरकुरणारा डावा गुडघा. तिच्याबरोबर दोन फेऱ्या चालायच्या, एक फेरी सावकाश धावायची, असे चालले होते. त्याच सुमारास आम्ही वाचले की अनवाणी धावणारे लोक बऱ्याचदा टाचेवर न उतरता चवड्यावर उतरतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या डॅनियल लीबरमन यांनी केनियात लहानपणापासून अनवाणी धावणाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला होता. चवड्यावर उतरणाऱ्यांच्या पायाला टाचेवर आपटणाऱ्यांसारखा अचानक दणका बसत नाही, असे त्यात दाखवले होते. शिवाय अबेबे बिकिला यांची गोष्ट आठवली. इथिओपियाच्या या सैनिकाने १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली होती.

आम्ही लगेच बूट काढून ठेवले आणि गवतावर चवड्यावर धावू लागलो. गुडघा खरोखरच दुखला नाही. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा भरून आल्या की नमाजमध्ये सजद्यातून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. टाचेमागची शीर दहा दिवस दुखत राहिली.

सरांना सांगितले तर ते म्हणाले, "मॅडम, भार कुठे पळून जात नाही. गुडघ्यावरून काढला तर पोटरीवर जातो." हेही अभ्यासात दिसलेले आहे. पोज नावाची धावण्याची एक पद्धत आहे. निकोलस रोमानोव्ह या रशियन प्रशिक्षकांनी ती बसवली. दक्षिण आफ्रिकेत तिचा अभ्यास झाला, तेव्हा गुडघ्यावरचा ताण कमी झाला, पण घोट्यावरचा वाढला. तसेच बूट सोडून घाईने अनवाणी पद्धतीकडे वळलेल्या काही धावकांच्या पावलांच्या हाडांना इजा झाल्याचेही आढळले आहे. केनियातला धावक लहानपणापासून अनवाणी असतो. त्याच्या पोटऱ्यांनी तो भार वर्षानुवर्षे उचलायला शिकलेला असतो. आम्ही ते तीन दिवसांत उरकायला निघालो होतो. आणि बिकिला यांनी १९६४ मध्ये टोकियोची मॅरेथॉन जिंकली ती बूट घालून, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

तेव्हा लक्षात ठेवावे की टाच टेकली म्हणजे गुन्हा झाला असे नाही. लांब पल्ल्याचे बहुतेक धावक टाचेवरच उतरतात. पायाचा कोणता भाग आधी टेकतो यापेक्षा पाय शरीरापासून किती पुढे पडतो ते बघावे. आणि पद्धत बदलायची असेल तर पोटऱ्यांना आधी तयार करून, थोडी थोडी बदलावी.

सगळ्यांचे अक्षर एकसारखे नसते

शिक्षक म्हणून आम्हाला ही गोष्ट फार आवडली. वर्गात पन्नास मुलांना एकच वळण शिकवले तरी पन्नास हस्ताक्षरे होतात. धावण्याचेही तसेच आहे. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक धावताना मान हलवत, चेहरा असा वेडावाकडा करत की बघणाऱ्याला वाटावे, हा आता कोसळणार. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनीच ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके नेली. इथिओपियाचे हेले गेब्रसेलासी लहानपणी वह्या-पुस्तके काखेत धरून शाळेत धावत जात. पुढे जगज्जेते झाले तरी धावताना त्यांचा डावा हात पुस्तके धरल्यासारखा वाकलेलाच राहिला. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे अविनाश साबळेही शाळेसाठी रोज सहा किलोमीटरचे अंतर तुडवत मोठे झाले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले.

म्हणून दुसऱ्याची नक्कल करू नये. वरवरचे वळण ज्याचे त्याचे असते. जमिनीवर पाय कुठे पडतो आणि अंग किती सैल आहे, एवढे मात्र प्रत्येकाने तपासावे. सैल अंगाचे महत्त्व पाहायचे असेल तर सिफान हसन यांची २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली मॅरेथॉन मुलांना अवश्य दाखवा. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये कांस्यपदके घेऊन त्या शेवटच्या दिवशी मॅरेथॉनला उतरल्या, आणि ४२ किलोमीटरनंतर शेवटच्या काही मीटरमध्ये पुढे निघून सुवर्णपदक जिंकल्या. ज्याने अंग आखडून ताकद आधीच उधळली आहे, त्याच्याकडे शेवटी काय उरणार?

बारा आठवडे

क्रीडाशिक्षक सरांनी भाचीला जे करायला लावले ते थोडक्यात देतो. कुणाच्या घरी भरतीची तयारी करणारे मूल असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवात जागच्या जागी धावण्याने. जागेवर धावताना पाय पुढे टाकताच येत नाही, तो शरीराखालीच पडतो. अर्धा मिनिट जागेवर धावायचे आणि तीच लय न मोडता हळूच पुढे सरकायचे. दोरीवरच्या उड्याही हेच शिकवतात.

पुढे झुकायचे ते कमरेत वाकून नव्हे, घोट्यापासून. भिंतीसमोर हातभर अंतरावर ताठ उभे राहून भिंतीकडे कलंडले की हा झुकाव कळतो. पाठ सरळ, नजर पंधरा-वीस पावले पुढे. पायांकडे बघत धावले की मान आणि पाठ वाकते.

खांदे कानाजवळ चढू द्यायचे नाहीत. कोपर काटकोनात वाकवून हात पुढे-मागे हलवायचे, छातीवरून आडवे न्यायचे नाहीत. मूठ अशी धरायची की आत कच्चे अंडे आहे. फुटू द्यायचे नाही आणि पाडायचेही नाही.

रोजचे धावणे सावकाश. धावताना सातचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. पाढा तुटला तर वेग जास्त आहे. जोराचे धावणे आठवड्यातून दोनच दिवस, तेही शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत.

अंतर मोजूनमापून वाढवायचे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. पुढे धावण्याची मिनिटे वाढवत, चालण्याची कमी करत जायचे. दोन दिवस धावले की एक दिवस सुट्टी. धावणाऱ्यांच्या दुखापतींचे मोठे कारण म्हणजे शरीराला सवय होण्याआधी वाढवलेला भार. पहिल्या दिवशीच पाच किलोमीटर धावायला लावले तर कितीही चांगली पद्धत वाचवू शकत नाही.

पोटऱ्यांसाठी जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर-खाली करायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. मांड्यांसाठी बैठका. दिवसाआड दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

बूट महागच हवेत असे नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच घट्ट बसावी, तळ झिजलेला नसावा. कपडे सैल पण पायात न येणारे. भाची कुर्ता-सलवारमध्येच सराव करायची आणि ओढणी पिना लावून बसवायची. डांबरी रस्त्याऐवजी शाळेचे मैदान, आणि धावून आल्यावर अर्ध्या तासात नाश्ता. बहीण तिच्यासाठी दोन अंडी आणि भाकरी झाकून ठेवू लागली. रमजान मध्येच आला. त्या महिन्यात फक्त इफ्तारनंतर चालणे आणि थोडे व्यायाम केले. जोराचे धावणे ईदनंतर सुरू केले.

नडगी एकदाही दुखली नाही असे नाही. चौथ्या आठवड्यात जरा कळ आली. पूर्वी तिने ती लपवली असती. या वेळी सांगितले. तीन दिवस धावणे थांबवून सायकल चालवली, मग पुन्हा एक पायरी मागून सुरुवात केली. आम्हाला यातच तिचा खरा अभ्यास दिसला. सब्र म्हणजे दुखणे गिळणे नव्हे, हे आम्ही मोठ्यांनीही तिच्याकडून शिकलो. चार दिवस थांबायला कधीकधी धावण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

भरती निघाली. चाचणीच्या दिवशी दूल्हेभाईंनी टेम्पोचे भाडे घेतले नाही, स्वतः तिला घेऊन गेले. आत पालकांना सोडत नाहीत, म्हणून आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. दीड तासाने ती बाहेर आली ती चालत, न लंगडता. वडिलांनी गुण विचारले नाहीत. आधी तिच्या पायांकडे बघितले आणि विचारले, "दुखतंय का?" ती म्हणाली, "नाही, अब्बा." अल्हम्दुलिल्लाह, तिन्ही मिळून ३४ गुण पडले. ८०० मीटरचे वीसच्या वीस नाहीत मिळाले. वेगात अजून कमी आहे, हे तिलाही ठाऊक आहे. लेखी परीक्षा आता पुढे आहे आणि ती संध्याकाळी आमच्याकडे मराठी व्याकरण शिकायला येते. निवड होईल की नाही ते अल्लाह जाणतो. पण पुढे कधी धावायची वेळ आली तर कसे धावायचे ते आता तिला माहीत आहे.

आमचा गुडघाही जिन्यावर कमी कुरकुरतो. आठवड्यातून तीन दिवस आम्ही चार फेऱ्या धावतो, बूट घालून.

या महिन्याचा गृहपाठ

नेहमीप्रमाणे गृहपाठ देऊनच रजा घेतो. एका सकाळी आपल्या मुलाला किंवा मुलीला मैदानावर न्या. पाठ फिरवून उभे राहा आणि धावताना पावलांचा आवाज ऐका. मग उजवे पाऊल अर्धा मिनिट मोजा आणि त्याला चारने गुणा. बाजूने मोबाइलवर दहा सेकंदांचे चित्रीकरण करून ते संथ करून दोघांनी मिळून बघा. पाय शरीराच्या फार पुढे पडत असेल तर रागावू नका. पेन्सिल दाबून लिहिणाऱ्या मुलाला जसे "हात सैल सोड" म्हणता, तसे म्हणा, "पाऊल लहान टाक, झटपट टाक." आणि कुठे दुखते का, हे विचारायला विसरू नका. मोजलेले आकडे आणि आलेले अनुभव आम्हाला जरूर कळवा.

आमच्या भाचीला दुआंमध्ये याद ठेवा. खुदा हाफिज.